घटना तुमची, वर्ग माझा

शिकवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात, न तपासलेले पेपर आणि किस्से. पेपर निदान टर्म संपली की तपासून द्यावे लागतात. किस्से कोणी मागायला येत नाही, ते आपल्याकडेच राहतात, आणि मग चार मैत्रिणी जेवायला आल्या की भात व्हायच्या आधीच मी सुरू होते. माझी मुलगी स्वयंपाकघरातूनच ओरडते, "आई, प्लीज, नॉट द अमेरिकन गव्हर्नमेंट वन अगेन!" तिला पाठ आहेत. तुम्हाला नसतील म्हणून सांगते.

मिशिगनमधलं एक विद्यापीठ. नाव सांगत नाही, कारण त्यातले प्रोफेसर अजून ठणठणीत आहेत आणि त्यांना मराठी येणारी सून आहे. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेच्या घटनेला दोनशे वर्षं होत होती, त्यामुळे दुकानात पिसाच्या पेनापासून घटना छापलेल्या टॉवेलापर्यंत सगळं मिळत होतं. मी नागपूरहून राज्यशास्त्रात एम.ए. करून पीएच.डी.ला आले होते, आणि फी माफ व्हावी म्हणून टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट झाले होते.

कोर्स होता अमेरिकन सरकार आणि राजकारणाची तोंडओळख. प्रोफेसर केसलर मोठ्या हॉलमध्ये तीनशे मुलांना लेक्चर द्यायचे. मग आम्ही टीए पंचवीस-पंचवीस मुलांचे सेक्शन घेऊन, लेक्चर चालू असताना ती झोपली होती तेव्हा काय झालं ते त्यांना सांगायचो. माझा सेक्शन गुरुवारी दुपारी असायचा.

पहिल्या दिवशी मी साडी नेसून, घट्ट वेणी घालून वर्गात गेले आणि फळ्यावर नाव लिहिलं, सुजाता मेश्राम. खिडकीजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून लाल केसांचा एक उंच मुलगा हात वर न करताच म्हणाला, "एक्स्क्यूज मी. यू आर गोइंग टू टीच अस अवर गव्हर्नमेंट?"

हा टॉड. आपले वडील वकील आहेत हे त्याने पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांना सांगून टाकलं.

मी विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांनी आपली घटना वाचली आहे? पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत?"

एकही हात वर गेला नाही. टॉडचाही नाही.

"मी वाचली आहे," मी म्हटलं. "म्हणजे या खोलीत वाचलेली एकटीच आहे. मग मीच शिकवते."

*

आता हे धाडस आलं कुठून, ते सांगायला हवं. आमच्या वस्तीत घरोघरी एक फोटो असतो. निळा कोट, डोळ्यांना चष्मा, काखेत जाड पुस्तक. ते पुस्तक कोणतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझे वडील मिलमध्ये कामाला होते, आणि रविवारी विहारात वस्तीतल्या पोरांना बसवून घटनेची कलमं म्हणवून घ्यायचे. इतर घरची मुलं शुभंकरोती म्हणायची तेव्हा आम्ही कलम चौदा, पंधरा, सोळा, सतरा म्हणायचो. चुकलं तर बाबा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे.

तर एका गुरुवारी विषय निघाला समानतेचा. मी पुस्तक न उघडता कलम चौदा म्हणून दाखवलं. कायद्यापुढे समानता, कायद्याचं समान संरक्षण, वगैरे. शब्द इंग्रजीच.

टॉड म्हणाला, "ही आमची चौदावी घटनादुरुस्ती आहे."

"नाही, हे आमचं कलम चौदा आहे."

त्याने पुस्तक उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि विजयी चेहऱ्याने वर बघितलं. "शब्द तेच आहेत. म्हणजे तुम्ही आमचं उचललंत."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही वापरत नव्हतात, म्हणून घेतलं."

वर्ग हसला. टॉडसुद्धा हसला, पण जरा उशिराने.

तळघरातल्या टीएंच्या खोलीत येऊन मी हे फुशारकीने कार्लाला सांगितलं. कार्ला माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. डेट्रॉइटची, ब्लॅक, माझ्याहून दोन वर्षं सीनियर. ती सँडविच खात होती. तिने घास गिळला आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही वापरता?"

मी म्हटलं, "कधीकधी."

"सेम हिअर," ती म्हणाली आणि उरलेलं अर्धं सँडविच माझ्याकडे सरकवलं.

*

पहिली परीक्षा झाली. अमेरिकेत परीक्षेला पातळ निळ्या वह्या देतात, त्यांना ब्लू बुकच म्हणतात. मी त्या मन लावून तपासल्या. नागपूरच्या हिशेबाने मी सढळ हाताने मार्क दिले होते. सर्वांत जास्त होते बासष्ट, आणि ते दोघांना मिळाले होते, टॉडला आणि अंजली जोशीला. अंजली म्हणजे ॲन आर्बर गावच्या जोशी काका-काकूंची मुलगी, जन्म अमेरिकेतलाच, मराठी कळायचं पण उत्तर इंग्रजीत. दोघांची नावं मी वर्गात वाचून दाखवली आणि म्हटलं, "अभिनंदन!"

अंजली रडायला लागली.

मला वाटलं, आनंदाने रडते आहे. तेवढ्यात टॉड कॅल्क्युलेटर घेऊन टेबलापाशी आला. मागे आणखी दहा-बारा जण. मी त्यांना समजावत होते की बासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास, आमच्याकडे बासष्ट मिळाले की पेढे वाटतात. ती मुलं बिचारी माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत बातमी वर पोचली. प्रोफेसर केसलरनी मला बोलावलं. त्यांच्या गळ्यात कायम बो टाय असायचा, आणि ते फार अडचणीत आले की तो सरळ करायचे. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा सरळ केला. "सुजाता, आपल्याकडे बासष्ट म्हणजे डी. तुझ्या सेक्शनमध्ये दोन डी आहेत आणि बाकी सगळे नापास."

"पण सर, उत्तरं तशीच आहेत."

"असतील. तरीही."

मग कार्लाने मला हिशेब शिकवला आणि मी प्रत्येकाचे पंचवीस मार्क वाढवले. आकडे बदलले. शेरे मात्र बदलणार नाही असं मी प्रोफेसरांना स्पष्ट सांगितलं, कारण शेरे खरे होते. त्यामुळे त्या वर्षी आमच्या सेक्शनमध्ये असे पेपर फिरत होते की वर लाल शाईत सत्याऐंशी, बी प्लस, आणि खाली त्याच शाईत, 'तुला प्रश्नच कळलेला नाही.'

*

अमेरिकेतली मुलं न वाचता बोलू शकतात. त्याबद्दल त्यांना मार्कही मिळतात, त्याला पार्टिसिपेशन म्हणतात. माझ्या वर्गात सगळे एकदम पार्टिसिपेट करायचे आणि कोणाचंच काही ऐकू यायचं नाही.

शेवटी मी आमच्या वस्तीतला उपाय काढला. आपल्याकडे साधं हळदीकुंकू असलं तरी अध्यक्ष लागतो. मी नियम केला की प्रत्येक तासाला एक अध्यक्ष. त्याचं नाव एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मगच त्याने खुर्चीवर बसायचं. एकाने प्रास्ताविक. बोलायचं तर अध्यक्षांच्या परवानगीने. आणि शेवटी आभारप्रदर्शन.

पहिल्या दिवशी त्यांना ही गंमत वाटली. आभार मानणाऱ्या मुलाने खडूचे, फळ्याचे आणि रेडिएटरचेही आभार मानले. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे, आमच्याकडे मंडपवाल्याचे मानतात.

पण दोन-तीन आठवड्यांत त्यांना त्याची सवयच लागली. टॉडचा तर कायापालटच झाला. नियम म्हटला की या मुलाच्या अंगात वीज यायची. तो अध्यक्ष झाला तेव्हा येताना टाय लावून आला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि प्रत्येकाला मोजून वेळ दिला. मी सिनेटबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होते, अगदी रंगात आले होते, तर त्याने टेबलावर टिचकी मारली.

"सुजाता, तुमची वेळ संपली."

"मी शिकवते आहे टॉड."

"अध्यक्ष मी आहे."

मला असा राग आला की काय सांगू. आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. मी खाली बसले.

*

दिवाळी ऑक्टोबरातच होऊन गेली होती, पण ॲन आर्बरच्या मराठी मंडळाला चर्चचं तळघर नोव्हेंबरातल्या शनिवारी मिळालं, म्हणून दिवाळी तेव्हा. तासाभराचा रस्ता. अंजलीच मला घेऊन गेली. पोह्यांऐवजी नाश्त्याच्या सीरियलचा चिवडा, डब्यातल्या आंब्याच्या रसाचं आम्रखंड, आणि पुऱ्या तळायला बाहेर बर्फात मांडलेला स्टोव्ह, कारण आत तळलं की फायर अलार्म वाजायचा.

जोशी काका मोटारीच्या कंपनीत मोठे इंजिनीअर. स्वभाव गप्पिष्ट. ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"तू आमच्या अंजलीची टीचर, नाही का? वा वा. आडनाव काय म्हणालीस?"

"मेश्राम."

"मेश्राम म्हणजे नागपूरकडची?"

"हो."

"अच्छा," काका म्हणाले. मग थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "अच्छा." त्या दुसऱ्या 'अच्छा'मध्ये त्यांनी माझी उरलेली सगळी चौकशी पुरी केली.

मी पुरी खाऊ लागले. या 'अच्छा'ची मला लहानपणापासून सवय आहे, पण अटलांटिक ओलांडूनही तो माझ्याआधी तिथे पोचला असेल असं वाटलं नव्हतं. वाईट वाटलं. वाटणारच.

काकांनी विषय बदलला असं त्यांना वाटलं. "या देशाचं एक फार आवडतं बघ मला. रिझर्व्हेशन, वशिला, ही भानगडच नाही. सगळं मेरिटवर. आपण इथे आलो ते काय, मेरिटवर. तुला कळेल हळूहळू."

"हो काका."

"बरं, आमच्या अंजलीला तो बी प्लस दिला आहे ना," काकांनी खुर्ची जवळ ओढली, आणि इतका वेळ मला 'तू' म्हणणारे काका एकदम 'तुम्ही'वर आले. "तिला मेडिकलला जायचंय हो. ए पाहिजे. तुम्ही जरा बघा ना मॅडम. शेवटी आपलीच मुलगी आहे."

"बघते ना काका," मी म्हटलं. "मेरिटवर बघते."

पलीकडे बसलेल्या काकूंना ठसका लागला, तो पुरीचा नव्हता. मग त्यांनी उठून माझ्या ताटात आणखी आम्रखंड वाढलं.

*

आता ज्या प्रकरणावरून माझं बस्तान उठायची वेळ आली, ते ऐका.

अमेरिकेत दक्षिणेकडच्या काही राज्यांत अगदी काल-परवापर्यंत ब्लॅक माणूस मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला की त्याची आधी परीक्षा घ्यायचे. प्रश्न असे की उत्तर काहीही लिहा, कारकुनाला ते चूक ठरवता यावं. कार्लाची आई डेट्रॉइटला यायच्या आधी, दक्षिणेत असताना, अशा परीक्षेत नापास झालेली होती, आणि ती शाळेत शिक्षिका होती! हे पुस्तकात अर्ध्या पानात उरकलं होतं. मुलांनी ते पिवळ्या शाईने रंगवलं आणि पुढे गेली.

मी म्हटलं, थांबा. पुढच्या गुरुवारी मी तशीच एक परीक्षा घेतली. 'खालील ओळीतला सर्वांत योग्य शब्द अधोरेखित करा.' 'या प्रश्नाचं उत्तर पुरेसं लिहा, पण जास्त लिहू नका.' असे प्रश्न. दहा मिनिटांनी कागद गोळा केले आणि न वाचताच निकाल सांगितला. खिडकीजवळची रांग पास, बाकी सगळे नापास.

"व्हाय?" अंजली ओरडली.

"कारण मी म्हणते म्हणून. आता पास झालेल्यांनीच मत द्यायचं आहे. पुढच्या आठवड्यात एक जादा टेस्ट आहे. ती कोणी द्यायची?"

खिडकीची रांग खिदळत होती. एकजण म्हणाला, "दे शुड टेक इट," आणि त्या रांगेतले सगळे हात वर गेले. टॉडचाही गेला. नियमावर जीव टाकणारा तो मुलगा, पण त्या दिवशी नियम कोणी केला हे त्याने विचारलं नाही.

मग मी कार्लाच्या आईची गोष्ट सांगितली. खिदळणं थांबलं. तास संपल्यावर टॉड बॅग भरत होता, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी त्याने घरी फोनवर हे सांगितलं. सोमवारी त्याच्या वडिलांनी प्रोफेसर केसलरना फोन केला. कोण कुठली परदेशी बाई आमच्या पैशांवर आमच्या मुलांना आमच्याच देशाची लाज वाटायला शिकवते, असा एकूण सूर. टॉडलाही मी नकोच होते. सेक्शन बदलता आला असता, माझी सही पुरत होती, पण जागा असलेला एकच सेक्शन होता, कार्लाचा, शुक्रवारी सकाळी आठला. मिशिगनच्या थंडीत आठला उठण्यापेक्षा बाई बदलणं त्याला सोपं वाटलं.

*

"सुजाता, मी तुझ्या बाजूने आहे," प्रोफेसर म्हणाले. हे वाक्य ऐकलं की माणसाने आधी दार कुठे आहे ते बघून ठेवावं.

ते वाईट नव्हते. उलट लोकशाहीवर त्यांचं फार प्रेम. त्यांनी बो टाय सरळ केला आणि म्हणाले, "मी यावर एक उत्तम तोडगा काढला आहे. गुरुवारी मी तुझ्या सेक्शनला येतो. मुलांचं गुप्त मतदान घेऊ, तू टीए म्हणून हवीस की नको. याहून लोकशाही काय असतं?"

"आणि नको म्हणाले तर?"

"तर उरलेली टर्म कार्ला बघेल. आणि मग..." त्यांनी हात पसरले.

मग काय ते मला माहीत होतं. टीएचं काम गेलं की फी भरावी लागणार. फी भरता येणार नाही, म्हणजे नाव कमी होणार. नाव कमी झालं की व्हिसा संपला. जानेवारीत मी नागपूरच्या स्टेशनवर, आणि अख्खी वस्ती मला उतरवून घ्यायला आलेली. जाताना हार घालून गेलेली मुलगी. मला भीती वाटत होती.

तरी तोंडातून निघालं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"मला काढायचं तर तुम्ही काढा सर. माझ्या वर्गात बसा, माझे पेपर तपासा, चूक दाखवा, मी निमूट जाईन. पण ही बाई आपल्याला आपली वाटते का, यावर मतदान होणार नाही. बहुमताने काय काय ठरवता येत नाही, ते तुम्हीच हॉलमध्ये सांगितलं होतं. मी नोट्स घेतल्या आहेत."

"तो मुद्दा हक्कांबद्दल होता," ते म्हणाले. "हा एक साधा सेक्शन आहे." आणि मग हळूच म्हणाले, "मी त्याच्या वडिलांना कबूल करून बसलो आहे."

कार्ला म्हणाली, "वेडी आहेस. तू जिंकशील. अर्धा वर्ग तुझ्या बाजूचा आहे, उरलेल्यांशी मी बोलते."

"आणि जिंकले तर? दर टर्मला उभी राहू?"

कार्लाने समोरचे पेपर पुढे ओढले.

जोशी काकूंचा फोन आला. अंजलीने घरी सांगितलं असणार. "अगं, कशाला वाढवतेस? सॉरी म्हण आणि विषय संपव. आपण बाहेरची माणसं. इथे आपण ॲडजस्ट करूनच राहायचं असतं."

काकू मायेने बोलत होत्या, म्हणून मीही सरळ सांगितलं. "काकू, बाहेरचं माणूस कसं असतं ते मी नागपुरातच शिकून आले. ॲडजस्ट करून झालंय माझं. माझ्या आजीपासून करून झालंय."

मग काकू म्हणाल्या, "गुरुवारी जेवून जा गं. उपाशी पोटी जाऊ नकोस."

*

गुरुवारी बर्फ पडत होता. प्रोफेसर केसलर आले ते बुटांचा एक रिकामा खोका घेऊन, झाकणाला मधोमध चीर पाडलेली. टेबलावर ठेवला, चिठ्ठ्या वाटल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुजाता, तू पाच मिनिटं बाहेर थांबतेस का?"

हे त्यांच्या दृष्टीने साधं सौजन्य होतं. माझ्या दृष्टीने नव्हतं.

"माझे आजोबा शाळेत वर्गाच्या बाहेर बसून शिकले सर," मी म्हटलं. "त्यांना आत घेत नसत. मी बाहेर जात नाही."

मी शेवटच्या रांगेतली रिकामी खुर्ची ओढून बसले. प्रोफेसरांचा चेहरा पडला, पण आता मागे कसं फिरावं ते त्यांना कळत नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे. लिहायला सुरुवात करा."

टॉड उभा राहिला. या वेळी त्याने हात वर केला होता.

"प्रोफेसर, हे मतदान घ्यायचा अधिकार तुम्हाला कुठून मिळाला?"

"टॉड, ही फक्त एक अनौपचारिक..."

"म्हणजे निकाल लागू होणार नाही?"

"मी तो विचारात घेईन."

"मग उद्या दुसऱ्या सेक्शनमध्ये कोणाला कार्ला नको असेल, तर तिथेही खोका नेणार?"

प्रोफेसरांनी बो टाय सरळ केला. टॉडचे कान लालबुंद झाले होते. तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

"मला ही टीचर आवडत नाही. ती उद्धट आहे. तिचे शेरे अपमान करणारे असतात. वडिलांना मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण मी या खोलीत एकदा, त्या परीक्षेच्या दिवशी, हात वर केला आहे. पुन्हा करणार नाही."

तो पुढे गेला, कोरी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसला. मग अंजली उठली. मग तिच्याशेजारची मुलगी. मग बरेच जण. सगळे नाही. दोघातिघांनी लिहून खोक्यात टाकल्याच, तेही सांगायला हवं.

प्रोफेसर केसलरनी खोका उघडला नाही. काखेत मारला, कोरे कागद कोटाच्या खिशात कोंबले आणि मला म्हणाले, "प्लीज, पुढे चालू दे." त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि जानेवारीच्या वेळापत्रकात माझं नाव होतं.

त्या दिवशीचा धडा नोकरशाहीचा होता. मी फळ्याकडे वळले आणि तो शिकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळघरात पेपर तपासत होते. दारात टॉड उभा. बूट बर्फाने भरलेले, हातात सेक्शन बदलण्याचा फॉर्म.

"सही हवी आहे," तो म्हणाला.

मी फॉर्म वाचला. कार्लाचा सेक्शन, शुक्रवार, सकाळी आठ. कार्ला तिच्या टेबलावरून आम्हा दोघांकडे बघत होती. मी सही केली आणि विचारलं, "इतक्या सकाळी उठशील?"

"ते माझं मी बघेन."

तो दारापर्यंत गेला, थांबला, आणि हातातला फॉर्म जरा वर धरला. "माझ्यापुरतं हे मी करू शकतो," तो म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.